एकटीच

"सायगाव? म्हणजे जावळीतलं का?" वहिनीनं विचारलं.
नाही म्हटल्यावर फुलका तव्यावरच राहिला.
"एकटीच?"

नोटा बदलून देणाऱ्या मुलानंही तेच विचारलं,
"एकट्याच मॅडम?"
आणि माझ्यापुढे मोजून ठेवले काही लाख डोंग.
चौतीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात
रेघा मारून मी जे झाले नाही
ते जंगली महाराज रोडवर
पाच मिनिटांत झाले.

शब्द पुरता होऊन गेल्यावरही
मागून एक च येऊन बसतो,
दाराबाहेरच्या चपलांवर
मांजर बसावं तसा.
शुक शुक केलं तर नुसते कान हलवतो.

थूई मला मा म्हणायला शिकवते,
रविवारी, खडकीत, तिच्या भाड्याच्या खोलीत.
सपाट ठेवला तर भूत.
वर नेला तर आई.
घसरू दिला तर "पण".
खाली दाबून तोडला तर भाताचं आवण,
मुळशीला मामाच्या खाचरात
मी लावायचे, पोटऱ्यांना जळवा घेऊन, तेच.
मी आई म्हणायला जाते आणि पुन्हा भूतच होतं.
थूई हसत नाही, फक्त
चहाचा कप तोंडापर्यंत नेते आणि तिथेच धरून ठेवते.

ती इथे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती.
कल्याणीनगर म्हणाली, रिक्षावाल्यानं कर्वेनगर ऐकलं.
रात्री साडेअकरा, हातात पत्ता,
आणि पत्त्यातली नदी भलत्याच बाजूला.
"मग?"
"मग त्यानंच बायकोला फोन लावला. बायको म्हणाली,
आधी तिला काहीतरी खायला घाल."

आता तिनं मला तिच्या आईचा पत्ता दिलाय.
अक्षरांच्या डोक्यावर टोप्या, पायाशी ठिपके,
आणि घराचा नंबर ४१/१२/७,
म्हणजे गल्लीतली गल्ली आणि तिच्यातला बोळ.
मला एकदम धीर आला.
असे पत्ते मी शुक्रवार पेठेत
पोस्टमनलाही समजावले आहेत.

"रस्ता मात्र शिकून जा," थूई म्हणाली.
"तिथे गाड्या थांबत नाहीत. तुम्ही पण थांबायचं नाही.
पळायचं नाही. मागे सरायचं नाही.
सावकाश चाला, म्हणजे त्यांना तुम्ही कुठे असाल ते कळतं."

म्हणून गेले आठ दिवस संध्याकाळी
माझी स्कूटर कव्हर घालून जिन्याखाली
आणि मी नळस्टॉपला, पायी.
सगळा जन्म मी त्या बाजूनं काढला,
स्कार्फ डोळ्यांपर्यंत, बोट हॉर्नवर,
पायी चालणारा म्हणजे वाटेतली अडचण.
आता मी अडचण.
पहिल्या दिवशी चार पावलं, आणि परत.
तिसऱ्या दिवशी दुभाजक.
काल अर्ध्यावर असताना एकजण
माझ्या पदराला वारा घालत गेली, ओरडली,
"ओ काकू! घरचे कुठे आहेत तुमचे?"
मी थांबले नाही.
गाड्या मला वळसा घालून गेल्या,
एक, मग आणखी एक, मग सगळ्याच,
पाणी काठीला घालतं तसा.
पलीकडे पोचल्यावर गुडघे लटपटले, ते वेगळं.

आता पहाटेचे पावणेतीन.
बॅगेत थूईच्या आईसाठी चष्मा,
दांडेकरांनी दोनदा तपासून दिलेला,
आणि माझी मेतकुटाची पुडी.
सोसायटीचा वॉचमन गेट उघडतो, काही विचारत नाही.
त्याच्याविषयी मला अचानक फार बरं वाटतं.

रिक्षावाला आरशातून बघतो.
"विमानतळ? एकट्याच?"
"एकटी," मी म्हणते.
मला वाटतं सूर बरोबर लागला.

"हाफ रिटर्न पडेल ताई.
येताना मला रिकामं यावं लागतं."

चला, म्हणते मी.
येरवड्याच्या पुलावर वारा आत येतो.
पुढच्या सिटामागे त्यानं मुलीचा फोटो चिकटवलाय,
दोन वेण्या, एक दात पडलेला.
त्याच्या रिकाम्या परतीचे पैसे
मी मुठीत मोजून ठेवते.
माझ्या परतीचं मी अजून
काही ठरवलेलं नाही.
तारीख आहे तिकिटावर. ती तारीख आहे.