एक युरोला तीन

हातमोजे एक युरोला तीन.
जोड जुळेल याची हमी नाही.
फळ्यावर हे मीच लिहिलंय खडूनं,
काल रात्री, कुणालाही न विचारता.

आठ वाजल्यापासून रांग आहे
नायसे नदीकडच्या मागल्या दारापर्यंत.
गेल्या दहा वर्षांत एकाही पहिल्या प्रयोगाला
इतकी माणसं आली नव्हती.

नगरपालिकेत एकोणीस विरुद्ध चौदा मतं पडली.
छप्पर गळतं, गॅसचं बिल, वगैरे.
इमारत राहणार आहे, तसं पत्रच आलंय.
फक्त आत कुणी नोकरीला राहणार नाही.
बर्लिनहून तयार खेळ येतील ट्रकमधून;
जंगल, राजवाडा, समुद्र, सगळं एकाच विजेच्या पडद्यावर,
आणि नटांनी आपापले कपडे आपणच धुवायचे.

मी वाल्ट्राउट नोआक. चौतीस वर्षं कपडेपटात.
अंधारात, दातांत विजेरी धरून,
चाळीस सेकंदांत विधवेची नवरी केलीय मी.
घाम मुरलेल्या कोटांवर व्होडका फवारायची, वास जातो.
उरलेली मी प्यायलेय अधूनमधून, खोटं कशाला बोलू.
कुणाचं पोट सुटतंय, कुणाचं लग्न मोडत आलंय,
मला बटणांवरून आधी कळायचं.

नाटकं सगळीच चांगली होती असं नाही.
एका दिग्दर्शकानं सगळ्यांना रेनकोट घातले, चार तास.
मी इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकून झोपले.
भाचा माझा फोनवर सगळं दुप्पट वेगानं बघतो.
एकदाच आला इथे. म्हणाला, मावशी,
मधे मधे कुणी बोलतच नाही.

शेजारच्या गल्लीतल्या वू बाई आल्यात.
सत्याऐंशी साली हनोईहून इथल्या गिरणीत शिवायला आलेल्या,
गिरणी बंद झाल्यावरही राहिलेल्या.
काही विकत घेत नाहीत. घागऱ्याची दुमड उलटून बघतात.
हा टाका तुझा, म्हणतात. हा नाही.
माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी
त्यांच्या गिरणीतली शिलाई मशीनं
आम्हीच घेतली होती. किलोच्या भावानं.
ते आम्ही दोघींनीही काढलं नाही.

मग राखाडी लष्करी कोट.
कॉलरच्या आत कापडी पट्ट्या, एकीवर एक टाचलेल्या,
ज्यानं ज्यानं घातला त्याचं नाव:
ग्रोपे. हॉयर.
त्सिमर, हा एका दौऱ्यात पलीकडे राहून गेला,
म्हणून नावावर शाईची रेघ, पण पट्टी काढलेली नाही.
ब्रुखमान, ज्याला फक्त एक वाक्य होतं
आणि तेही तो रोज जरा वेगळं म्हणायचा.
सगळ्यात वर टीत्से. सव्वीस वर्षांचा. करार वाढवला नाही.
आता लाइप्झिशला एका बंद खोलीत बसून
'माफ करा' म्हणतो चारशे वेळा:
रागानं, रडून, हसू दाबून.
यंत्र शिकतंय म्हणे.
तासाचे पैसे इथल्यापेक्षा जास्त मिळतात,
मला त्यानं फोनवर सांगितलं, आणि मग
मधे बराच वेळ कुणी बोललंच नाही.

कार्निव्हल मंडळाच्या माणसानं कोट अंगावर चढवला.
खांद्यात बरोबर बसला. चौदा युरो.
म्हणाला, मानेशी काहीतरी टोचतंय,
तेवढं काढून द्याल?

मी उसवायची सुई घेतली.
खालचे टाके माझ्या आधीच्या बाईचे,
नुसत्या बोटानं सुटले.
वरचे माझे. ते निघेनात.
रांगेतलं कुणी घड्याळ बघत होतं.

पट्ट्या ॲप्रनच्या खिशात.
तो पैसे मोजत म्हणाला,
मशीनमध्ये चालेल ना धुतलेला?

नाही. थंड पाण्यात, हातानं.
पिळू नका.
सावलीत वाळवा.