चार पेन्सिली

बुताजिराच्या पुढे डांबर संपतं,
तिथून दोन तास पायी.
पहिल्यांदा आले तेव्हा सव्वीसची होते,
चढ जाणवायचा नाही.
आता निलगिरीच्या सावलीत दोनदा बसते.
पिशवीत फॉर्म, चार पेन्सिली, खोडरबर
आणि गुडघ्याला चोळायचं मलम.
ही माझी पाचवी फेरी.

पहिल्या फेरीला मुदेसीर घराच्या मधल्या खांबाला होता,
बैलाच्या दोराने.
लुबाबाने, त्याच्या बहिणीने, आधी तेच सांगितलं,
दोर मऊ आहे बाई, काचत नाही.
तिने त्याला कोचोचा घास भरवला,
तो थुंकला,
तिने दुसरा मोडला.
मी रकान्यात लिहिलं: स्किझोफ्रेनिया.
अक्षर वळणदार आलं होतं.
तेव्हा वाटायचं, नाव सापडलं
की निम्मं काम झालं.

चौथ्या वर्षी तो सहा रात्री झोपला नव्हता.
गावभर रोपं वाटत सुटलेला,
घरचा एकुलता बैल कुण्या वाटसरूला देऊन मोकळा,
आणि असा हसत होता की
मलाही हसू आवरेना. (हे फॉर्मवर नाही.)
अदिसच्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला,
म्हणाले, खोडा, स्किझोअफेक्टिव्ह लिहा.
नवव्या वर्षी दुसरे डॉक्टर. बायपोलर.
पुन्हा खोडलं.
कागद तिथे इतका झिजलाय
की उजेडाकडे धरला तर पलीकडची चूल दिसते.

चौदाव्या वर्षी तो नव्हताच.
दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या,
मग दवाखान्यातला माणूस संपला,
मग हा चालत निघाला.
मी लिहिलं: सापडला नाही, संकेतांक तीन.
मागाहून कळलं, नऊ महिन्यांनी परतला,
पुढचे दोन दात नाहीत,
काखेत कुणाचा तरी रेडिओ.

माझ्या यादीत एकतीस नावं होती.
अकरा नावांपुढे फुली.
फुलीलाही कारण लागतं:
ताप. भूक. नदी. माहीत नाही.
'माहीत नाही'च्या पुढे मी दरवेळी
थोडी जास्त जागा सोडते.

आज तो अंगणात कोयत्याला धार लावतोय.
हात कापतात, गोळ्यांनी की वयाने कोण सांगणार.
विचारते, इतरांना येत नाहीत असे आवाज ऐकू येतात?
येतात, म्हणतो. पण तेही म्हातारे झाले.
एक तर नुसता खोकत असतो.
विचारते, बरं झाल्यासारखं वाटतं?
तो माझ्या गुडघ्याकडे बघतो,
तुला?

लुबाबा परसात खड्डा उघडतेय.
केळीसारखी दिसणारी, पण केळी न देणारी झाडं,
त्यांचा कीस पानांत गुंडाळून पुरलेला.
आंबूस वास अंगणभर.
कधी उघडायचं ते कसं कळतं, मी विचारते.
वासावरून, म्हणते.
चुकतं कधी कधी.
मग आणखी वर्षभर झाकून ठेवायचं.

ती वाकून कीस काढते.
तो कोयता घेऊन तिच्या मागे उभा राहतो,
वरची सुकी पानं छाटायला.
ती मागे वळून बघत नाही.
एकदाही नाही.
मी फॉर्म चाळते, पुढून, मागून.
चौऱ्याऐंशी प्रश्न.
याला रकाना नाही.

शेवटच्या पानावर तीन चौकोन.
पूर्ण बरा. अंशतः. सतत आजारी.
एकात खूण करायची.
तो कॉफी आणून ठेवतो, बशीत सांडलेली,
रेडिओवर कसलीशी खरखर,
दोघं ऐकत बसतात, बातम्या असल्यासारखी.

उतारावर अंधार गाठतो.
गावात पोचले की सुपरवायझर पान उलटेल,
विचारेल, हा चौकोन कोरा का?
म्हणेन, पेन्सिल मोडली.
चारही?
हो.
चारही.