कच्चा रंग

मंगळाच्या छावणीतून ऑर्डर आली
अक्कलकोट रोडच्या आमच्या डाय-हाऊसला:
किरणबंदुकांच्या गवसण्या, चार हजार.
चढाईवाल्यांना लाल, पहारेकऱ्यांना निळा,
आणि ज्यांचा पहिला माणूस मारून झालाय
त्यांना हळदीचा पिवळा.

'पिवळा का?' इरय्यामामांनी विचारलं.
त्यांच्या पोरीला कालच हळद लागलेली.
उत्तर आलं: लांबून दिसतो.

मामांनी हौदात हात घातला, कोपरापर्यंत.
मीठ टाकलं. सोडा
पोत्यातच राहू दिला.
मी बघितलं, बोललो नाही.

आता तिकडे घाम फुटेल एकेकाला,
लाल निळ्यात उतरेल, निळा पिवळ्यात,
कोण कुणाचा, कळायचं नाही.

बिल मात्र
पक्क्या रंगाचं लावलंय.