गाठ

रात्रपाळी. काणकोण, चावडीचं इस्पितळ,
पुरुषांचा वॉर्ड, अकरा खाटा, मी आणि सुलक्षा,
आणि सुलक्षाला खाली कॅज्युअल्टीत बोलावलंय.

चार नंबरवर इनास बार्रेतो,
गालजीबागेचा रेंदेर, वय बाहत्तर.
नाकातली नळी संध्याकाळपासून दोनदा उपसून काढली त्यानं.
फाईलवर डॉक्टरांचं अक्षर : गरज पडल्यास हात बांधावेत.
गरज कुणाची, ते लिहिलेलं नाही.

खाली कापूस, वर गॉजची पट्टी,
दोन बोटं आत जातील एवढी सैल,
शिकले तशी बांधते.
तो गाठीकडे बघतो,
पन्नास वर्षं माडाच्या पोया बांधलेला माणूस.
"बाय, ही गांठ सुटतली."
मग जरा दम खाऊन :
"पोय चड आवळ्ळी जाल्यार सूर येना.
सैल दवरल्यार फुटता."

दोन दहाला मीच सोडले त्याचे हात.
स्टूल ओढून बसले, त्याचा पंजा माझ्या पंजात,
कातीच्या मुठीनं घट्टे पडलेला,
नळी आणि त्याच्यामध्ये फक्त मी.
तो झोपला. घोरलासुद्धा.
मला वाटलं, जमलं.

तीन चाळीसला नऊ नंबरकडे नजर गेली.
वेळीपांचा पोरगा, एकोणीस वर्षांचा,
सलाईन शिरेबाहेर उतरलेली,
हात उंड्यासारखा टम्म.
अरे, हाक का नाही मारलीस?
"तुमी बसलेल्यो न्ही, सिस्टर..."

मी पंजा सोडवून घेतला तेव्हा इनास जागा झाला.
माझ्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं,
आणि मनगटं पुढे केली.
पट्टी कशी दुमडायची, कुठलं टोक आखूड ठेवायचं,
सगळं सांगितलं त्यानं, चुकले तिथं जीभ टाळ्याला लावून चुकचुकला.
ही संमती म्हणायची,
की कारागिराला बघवत नाही म्हणून दिलेला धडा?
मी विचारलं नाही.
पोराची सुई काढायची होती.

रजिस्टरात लिहिलं :
२.१० हात सोडले. ३.४० बांधले.
खाट नऊ, सूज, हात उशीवर उंच ठेवला, डॉक्टरांना कळवलं.
अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

सहा वाजता सुलक्षा त्याचं अंग पुसायला आली,
गाठ सुटेना, कात्री मागू लागली.
कापू नको, म्हटलं,
ते आखूड टोक ओढ.
एका ओढीत सुटली.

आणि त्याचा हात
तडक नाकाकडे गेला.