उपडं टोपलं

सकाळी नवाला पहिली सिरिंज.
कुहीच्या पुढे, पंचफुलाबाई कोहळेंच्या तुरीत
पत्र्याची चौकट मातीत ठोकलेली, वर पारदर्शक पेटी,
कडेच्या पन्हाळीत पाणी,
हवा निसटू नये म्हणून.
शून्य मिनिट. मग दहा. वीस. तीस.
मध्ये नुसतं बसायचं.

"काय झाकून ठेवलं वं बाई? पिल्लं?"
मी म्हणते, मातीचा श्वास.
ती हसत नाही.
विळा बाजूला ठेवून पेटीपाशी उकिडवी बसते,
कान देते.

मी एक रोप उपटून दाखवते.
मुळांवरच्या गाठी. एक नखानं फोडली
तर आत लालसर, तान्ह्याच्या हिरडीसारखी.
हवेतलं नत्र इथं रांधलं जातं, मी सांगते,
म्हणून तुमच्या तुरीला युरियाचं पोतं लागत नाही.
पण पानं गळतात, गाठी कुजतात,
थोडं नत्र वेगळाच वायू होऊन वर जातं,
दात काढताना देतात तो, हसवणारा.
आभाळात शंभराहून जास्त वर्षं राहतो,
ऊब धरून.

"रांधणाऱ्याच्या हातून थोडं सांडतेच," ती म्हणते.
माझ्या प्रबंधात या वाक्याला जागा नाही.

नाताळच्या आठवड्यात अवकाळी आला, रात्रभर.
गळलेल्या पानांचा थर लोण्यासारखा मऊ झाला.
चिखलात चप्पल सोडून मी पेट्या लावल्या,
आणि आलेखाची रेघ
इतके दिवस झोपलेली, ताडकन उठून बसली.
सरांचा फोन: आकडा चुकलाय, परत घ्या.
परत घेतला. तोच.
शेजारच्या युरियाच्या गव्हाहून कमीच,
पण शून्य नाही.
नुसत्या पडीक पट्ट्यातही शून्य आलं नाही.
शून्य मला अजून कुठंच सापडलेलं नाही.

त्या दिवशी सत्तेचाळीस बाटल्या भरल्या.
एक रिकामी उरली.
"त्यात माहा श्वास घे," पंचफुलाबाई म्हणाली,
आणि सिरिंजच्या तोंडाशी फुंकली:
रात्रीचं वरण, चुलीचा धूर, तंबाखूची मिश्री,
सगळं दहा मिलिलिटरमध्ये.

नागपुरात, अमरावती रोडवरच्या प्रयोगशाळेत
यंत्र संध्याकाळभर गुणगुणत होतं.
अहवालात सत्तेचाळीसच गेल्या.
अठ्ठेचाळिसावी वहीच्या समासात आहे,
पेन्सिलीनं.

पुढच्या मंगळवारी धुई पडली होती,
तुरीची फुलं ओली, ती काळजीत.
तरी विसरली नव्हती.
"कोणाचा जास्त निंगाला? माहा का वावराचा?"
मी सांगितलं: कार्बन तुमचा,
हसवणारा वावराचा.
ती थोडा वेळ ढेकळाकडे बघत राहिली.
"असू दे. दोघंई कामावर होतो."

मग माझ्या मनगटावरचं घड्याळ वाकून पाहिलं:
"दहा झाले वं.
टोच सुई."