कोकरांच्या सुट्टीआधीचा तास

पान एकशे बारा उघडा, म्हटलं,
आणि सातवीचा अख्खा वर्ग
आपापल्या बुटांकडे बघू लागला.

बावीस मुलं, दुंदगोवीच्या वाळूत वाढलेली.
यातल्या बदरालनं गेल्या वसंतात
अडलेल्या मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून
आडवं आलेलं कोकरू सरळ केलं,
ओढून काढलं, त्याच्या नाकातला चिकटा
स्वतःच्या तोंडानं ओढून थुंकला.
तोच बदराल आता
गर्भाशयाच्या आकृतीवर पट्टी ठेवून
ती झाकतोय.

मी खडू ठेवला. शेगडीत दोन शेण्या सरकवल्या.
विचारलं, मेंढी किती दिवसांनी विते?
बावीस तोंडं एकदम : दीडशे!
आणि बाई?
खिडकीच्या फटीतून वारा तेवढा बोलला.

मग फळ्यावर मेंदू काढला. बटाटा झाला.
हसली. बरं झालं.
बटाट्याच्या तळाशी एक वाटाणा :
ही पियुषिका ग्रंथी.
एका रात्री, तुम्ही झोपेत असताना,
हिच्याकडून निरोप सुटतो.
घोडेस्वार नाही, फोन नाही, रक्त हाच रस्ता.
अंगभर हिंडतो तो निरोप, पण ज्या दाराला त्याची ओळख
तेच दार उघडतं.
मुलींत अंडाशय. मुलांत वृषण.
(मोठ्यानं म्हटलं. छत कोसळलं नाही.)
तिथून नवे निरोप, त्यांनाच म्हणायचं संप्रेरकं,
आणि मग काखेत केस, कपाळावर पुळ्या,
आईशी उगाच भांडण,
भांडून झाल्यावर उगाच रडू.

बदरालनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं.
वाक्य कोकरागत सुरू झालं
आणि उंटागत संपलं.
वर्ग फुटला. तो पट्टीमागे लपला.
थांबा, म्हटलं, मोरिन खूर कुणाच्या घरी आहे?
त्याची जाड तार कशी बोलते, बारीक कशी?
याच्या गळ्यातल्या तारा वाढताहेत,
जाड होताहेत, लांब होताहेत.
वाजवणारा अजून सरावलेला नाही, एवढंच.

तेवढ्यात उयांगा उभी राहिली.
सरळ विचारलं,
मेंढीला तर पाळी येत नाही. मग आम्हालाच का?

आता वर्ग गप्प झाला, पण
हे गप्प वेगळं होतं.

मी सांगितलं, आपण, वानरं, काही वटवाघळं,
थोडेच आहेत असे.
पाहुणा येणार की नाही हे कळायच्या आधीच
आपलं शरीर दर महिन्याला अंथरूण घालतं,
आणि नाहीच आला, तर ते काढून टाकतं.
मेंढीचं अंथरूण तिच्या अंगातच जिरतं.
असं का, याचे अंदाज आहेत.
नक्की उत्तर अजून माझ्याकडे नाही.

एक गोष्ट सांगितली नाही.
याच वसतिगृहात, एकतीस वर्षांपूर्वी,
मला वाटलं होतं, मी मरतेय.
चादर राखेच्या डब्यात कोंबली.
राखणदार दुलमाला ती सापडली.
तिनं कापसाच्या घड्या दिल्या,
मिठाचा गरम चहा दिला,
आणि एक शब्द बोलली नाही.
तिचं ते न बोलणं मी विसरले नाही,
दोन्ही अर्थांनी.

घंटा झाली. बाहेर मोटरसायकली फुरफुरत होत्या,
बाप न्यायला आलेले.
माया न लावणाऱ्या मेंढीला
तोइग, तोइग म्हणत आळवायचं असतं,
तासन् तास, ती पिल्लाला जवळ घेईपर्यंत.
बदराल दारात अडखळला :
या आवाजाला ऐकेल ती?
मी म्हटलं, करून बघ. आणि मला येऊन सांग.
उयांगा मागच्या सीटवरून ओरडली,
बाई, या वर्षी रात्रीची पाळी माझी!
मग स्वतःच लाजली, मग हसली.

पुस्तकं शाळेची, कपाटात ठेवायची.
एकशे बारावर पट्टी राहिलेली होती,
आकृतीवर नाही, शेजारी, मापाला लावून.
खाली पेन्सिलीनं :
साडेसात सेंटीमीटर.
एवढ्याशात मी मावलो?

ते ताणतं, असं लिहिलं त्याखाली.
थोडं थांबून लिहिलं,
आईला विचार.
मग कपाटाला कडी लावली.