डब्याची किल्ली

खारवलेल्या मांसाच्या डब्याला
एक छोटी किल्ली चिकटवलेली असते.
कालोलाइनेच्या चुलीमागे, खिळ्याला,
अशा एकोणचाळीस.
दाराला मात्र कुलूप नाही.
टोंगाच्या या बेटावर कुणाच्याच नाही.

नर्स म्हणाली, आधी डबे कमी कर,
मग नूडल्स, मग ते लाल सरबत.
एकदम नको, एकदम केलेलं टिकत नाही.
बोलताना सीओसायाचा पाय तिच्या मांडीवर होता,
अंगठा नसलेला.

मंगळवारी ऑकलंडचं जहाज लागलं.
ती धक्क्यावर गेलीच नाही,
अळूचे कंद खणत बसली
हातांना खाज सुटेस्तोवर.
नारळाचं दूध, पानं,
आणि शेजारच्या फेतूनं दिलेली मासळी,
उधार.

चर्चमधल्या मयताला सगळ्यांनी
डब्यांची खोकी आणली, रचून ठेवली.
तिनं टोपलीभर कोनफळं.
एवढी ओढगस्त आहे का,
कुणी विचारलं नाही.
म्हणजे सगळ्यांनीच विचारलं.

सीओसाया मान खाली घालून जेवतो.
"आईच्या हातचं असंच असायचं."
हे कौतुक की तक्रार,
वीस वर्षांच्या संसारातही कळत नाही.

रात्री होडीपाशी कुरुमकुरुम.
कोरड्याच खातोय नूडल्स, अंधारात,
पोरासारख्या.
ती कूस बदलते. मोजते.
या आठवड्यात दुसऱ्यांदा.
मागच्या महिन्यात रोज होतं.

वारा सुटला की खिळ्यावर
किल्ल्या किणकिणतात.
एकोणचाळीसच.